सलाइनची बाटली अजून खिडकीला आहे

मागच्या लेखात म्हाताऱ्या मांजरांच्या किडनीच्या आजाराबद्दल लिहिलं होतं: लक्षणं, तपासण्या, खाणंपिणं वगैरे. वाटलं होतं, आता औषधांच्या मात्रा विचारणारी पत्रं येतील. आली ती बहुतेक मांजर गेलेल्या किंवा जायला टेकलेल्या घरांतून. त्यातली सहा इथे घेते आहे. मी प्राण्यांची डॉक्टर आहे, माणसांच्या मनाची नाही, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

प्रश्न : आमची चिंगी १६ वर्षांची होऊन गेली. अडीच वर्षांपूर्वी किडनीचा आजार निघाला, तोही चारपैकी तिसऱ्या टप्प्याचा. तेव्हापासून एक दिवसाआड मी घरीच पाठीच्या कातडीखाली सलाइन द्यायचे. खिडकीच्या गजाला बाटली, मांडीवर टॉवेल, टॉवेलात चिंगी. शेवटचे दोन महिने बाटली दिसली की ती कपाटामागे शिरायची, ओढून काढावं लागायचं. आता तीन आठवडे झाले, तरी सकाळी ६ वाजता जाग येते आणि हात सलाइन कोमट करायचं पातेलं शोधतात. आजार आधी का नाही कळला मला? आणि शेवटी ती मला घाबरायला लागली होती का? (ठाणे)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे, म्हणून ते आधी. मांजराच्या किडनीचं साधारण तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, वाढलेलं दिसत नाही. एसडीएमए नावाची रक्ततपासणी त्याच्या आधी इशारा देते, सुमारे ४० टक्के काम घटलं की. पण ती करून घ्यायला मुळात शंका यावी लागते, आणि शंका येऊ न देण्यात मांजर पटाईत. आपलं घरातलं मांजर हे आफ्रिका-आशियाच्या कोरड्या मुलखातल्या रानमांजराचं वंशज. थोड्या पाण्यात भागवायचं आणि दुखणं कुणाला दिसू द्यायचं नाही, हे त्याच्या रक्तातच आहे. ते जास्त पाणी प्यायला लागतं तेव्हा आपण म्हणतो, बरं झालं, उन्हाळा आहे. चार किलोच्या मांजराचं वजन ४०० ग्रॅमने उतरणं म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ६ किलोने उतरणं, पण अंगभर केस असल्यामुळे ते डोळ्यांना दिसत नाही. तुम्हाला उशीर झाला नाही, तुम्हाला ते दिसण्यासारखंच नव्हतं. शिवाय तिसऱ्या टप्प्यात निदान झालेली निम्मी मांजरं जेमतेम दोन वर्षं काढतात, हेही जाणून असा.

दुसऱ्या प्रश्नाला 'छे, ती कशी घाबरेल' असं म्हणून मी तुमची बोळवण करणार नाही. कपाटामागे जाणं ही तक्रारच होती. तिला सुई नको होती, धरून ठेवणं नको होतं. पण मांजर प्रसंगाला घाबरतं आणि माणसाला घाबरतं, यात फरक आहे, आणि तो ओळखायला एक खूण आहे. सुई काढल्यावर, पाठीवर उंटासारखं आलेलं ते पाण्याचं टेंगूळ घेऊन, ती कुठे जायची? माझ्याकडच्या बहुतेक मांजरांचं असं असतं की दोन पावलं पळायचं, रागाने पाठ चाटायची आणि अर्ध्या तासाने त्याच माणसाच्या पायाशी येऊन पडायचं. चिंगी असं करत असेल, तर तुमचं उत्तर तुमच्याकडेच आहे. राहिला प्रश्न शेवटच्या दोन महिन्यांत सलाइन कमी करता आलं असतं का, याचा. तो तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला विचारायला हवा होता. आम्ही डॉक्टर उपचार सुरू करताना तासभर बोलतो. ते कधी आवरते घ्यायचे हे बोलायला मात्र आम्हाला वेळ सापडत नाही. यात मी स्वतःलाही धरते.

आणि पातेलं. अडीच वर्षं एक दिवसाआड म्हणजे साडेचारशेच्या वर वेळा तुम्ही ते केलंत. हात लगेच कसे विसरतील? सहाची जाग मोडू नका, झोपेची गोळी तर मुळीच नको. त्या वेळेला हातांना दुसरं काहीतरी मोजूनमापून करायचं काम द्या. माझ्याकडे येणाऱ्या एक बाई त्या वेळी कुंड्यांना पाणी घालू लागल्या, तेही मापाच्या पेल्याने.

बाटली अजून खिडकीला असेल तर आता उतरवा. उघडलेली टाकून द्या, सीलबंद राहिलेल्या दवाखान्यात द्या, तिथे कुणाच्या तरी मांजराला लागतात. सुया मात्र जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात भरून दवाखान्यातच नेऊन द्या. कचऱ्यात गेल्या तर सफाई कामगाराच्या हातात घुसतात.

प्रश्न : बोका १७ वर्षांचा आहे, किडनी शेवटच्या टप्प्यात. डॉक्टर म्हणतात झोपवण्याचा विचार करा. बायको म्हणते अजून तो हाक मारली की घुरघुरतो. आत्या म्हणते मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं. मी काय करू? (सातारा)

आत्याबाईंपासून सुरुवात करू, कारण घरातला निर्णय बहुधा तिथेच अडलेला असतो. ती समजूत मांजराला काठीने, दगडाने मारणाऱ्यांसाठी आहे, आणि मला ती आवडते. गावोगाव कितीतरी मांजरांचे जीव तिने वाचवले असतील. पण मरणाच्या वाटेवर कण्हणाऱ्या जिवाची वाट सोपी करण्याला ती लावू नये. १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेसुद्धा मान्य केलंय की काही वेळा प्राण्याला जिवंत ठेवणं हीच क्रूरता असते. आत्याबाईंना दवाखान्यात सोबत न्या. मी पाहिलंय, प्रत्यक्ष बघितल्यावर सर्वांत आधी 'सोडवा रे त्याला' म्हणणारी म्हातारी माणसंच असतात.

आता घुरघुरणं. मांजर सुखात घुरघुरतं तसं दुखण्यातही घुरघुरतं, अगदी मरतानाही. त्यावर निर्णय सोडू नका. हे बघा: अंग चाटणं थांबलंय का, केसांच्या गुठळ्या झाल्यात का? पाण्याच्या भांड्यावर मान घालून नुसता बसून राहतो, पीत नाही, असं होतं का? तोंडाला घाण वास आणि आत फोड? नेहमीची जागा सोडून मोरीच्या कोपऱ्यात, पलंगाखाली अंधारात जाऊन बसतो?

अमेरिकेतल्या प्राणी-कर्करोगतज्ज्ञ ॲलिस व्हिलालोबोस यांनी अशा वेळेसाठी सात मुद्द्यांची मोजपट्टी केली आहे. वेदना, भूक, अंगातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे, बेरीज ३५ च्या वर असेल तर जगणं सुसह्य समजायचं. मला स्वतःला बेरजेचं फार कौतुक नाही. पण तुमच्यासारख्या घरात तिचा एक उपयोग होतो. तुम्ही आणि तुमच्या पत्नीने वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांचं न बघता आठवडाभर गुण लिहा आणि मग कागद शेजारी ठेवा. भांडण बहुतेक एकाच मुद्द्यावर असतं, आणि तो मुद्दा कळला की बोलता येतं.

झोपवणं म्हणजे नक्की काय, हे कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. आधी गुंगीचं इंजेक्शन. पाच-दहा मिनिटांत तो गाढ झोपतो, तुमच्या मांडीवरसुद्धा झोपू शकतो. मग पुढच्या पायाच्या शिरेतून भुलीच्या औषधाची मोठी मात्रा. श्वास थांबतो, मग हृदय, बहुधा एक-दोन मिनिटांत. डोळे उघडेच राहतात, ते आधी माहीत नसेल तर फार लागतं. नंतर एखादा खोल श्वास आल्यासारखा वाटेल, पाय थरथरेल, लघवी होईल. तेव्हा त्याला काहीही जाणवत नसतं, तरी एक जुना टॉवेल सोबत ठेवा. आणि आधीच स्पष्ट विचारा, 'आधी गुंगी देणार ना?' उत्तर 'नाही' किंवा 'गरज नाही' आलं, तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा. यात भीड नको.

माझा स्वतःचा बोका गेला तेव्हा मी चार दिवस उशीर केला. रोज सकाळी वाटायचं, आज बरा दिसतोय. दुसऱ्याच्या मांजराच्या बाबतीत मला ते पहिल्याच दिवशी कळलं असतं. एक दिवस लवकर की एक दिवस उशिरा, असं निवडायचं झालं तर आज मी लवकरचा निवडेन.

प्रश्न : मांजर गेलं म्हणून एक दिवसाची रजा मागितली तर साहेब हसले. घरी सासूबाई म्हणाल्या, जनावराचं कसलं आलंय सुतक. मी काही चुकीचं वागते आहे का? (पुणे)

नाही. हेरोडोटसने अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की इजिप्तमध्ये घरातलं मांजर मेलं की घरातली सगळी माणसं भुवया काढून टाकत. साहेबांना मात्र हे सांगू नका, उद्यापासून तुमच्या भुवयाच बघत बसतील.

अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखाला नाव दिलं. आजूबाजूचे लोक ज्याला दुःख म्हणायलाच तयार नसतात, ते दुःख. सासूबाईंचं शास्त्र बरोबर आहे, सुतक नसतं. पण सुतकाचा एक फायदा असतो: दहा दिवस कुणी तुमच्याकडून हसण्याबोलण्याची अपेक्षा करत नाही. तेवढे दिवस तुम्ही स्वतःच घ्या. महिनाभरानंतरही झोप आणि जेवण रुळावर आलं नाही, तर माणसांच्या डॉक्टरांकडे जा आणि कारण मोकळेपणाने सांगा.

प्रश्न : मुलगा ५ वर्षांचा आहे. मनी गेली तेव्हा त्याला 'देवाघरी गेली' एवढंच सांगितलं. तो रोज म्हणतो, आपण तिला आणायला जाऊ या. मागच्या आठवड्यात त्याला ताप आला, दवाखान्यात सलाइनचं नाव काढताच किंचाळायला लागला. 'मनीला सलाइन दिलं आणि ती मेली' म्हणाला. (मुंबई)

बघा, 'मेली' हा शब्द त्याच्याकडे आहे. तुम्हीच तो टाळता आहात. या वयाच्या मुलांना मरण म्हणजे परत न येणं हे नीट उमगलेलं नसतं, आणि 'देवाघर' हे त्यांना आजोळासारखं एक घर वाटतं. तिथे गाडी जाते. सरळ सांगा: मनी मेली. तिचं शरीर खूप म्हातारं झालं होतं, रक्त साफ करणारा भाग बिघडला होता, तो दुरुस्त होत नाही. ती परत येणार नाही. 'झोपली' म्हणू नका, नाहीतर रात्री झोपायला घाबरेल.

सलाइनचा धागा वेगळा सोडवायला हवा. सलाइन म्हणजे मिठाचं पाणी, मनीला तहान भागवायला द्यायचो. त्याने ती मेली नाही, त्याने ती जास्त दिवस आपल्याकडे राहिली. रिकामी बाटली त्याला हाताळू द्या, बाहुलीला सलाइन लावू द्या. आठ-दहा वेळा तोच खेळ खेळेल, कंटाळू नका. 'मनी कुठे आहे' असं विचारलं तर खरी जागा सांगा. मालाडला महापालिकेने २०२३ पासून प्राण्यांच्या दहनाची सोय केली आहे, तिथे नेलं असेल तर तसं सांगा. अंगणात पुरलं असेल तर जागा दाखवा.

प्रश्न : दोन मांजरी होत्या, एक गेली. दुसरी रात्रभर घरभर ओरडत फिरते, धड खात नाही. (कोल्हापूर)

ओरडू दे, काही आठवडे चालतं. गेलेल्या मांजरीची गादी लगेच धुऊ नका, वास हळूहळू जाऊ द्या. न खाणं मात्र चालवून घेऊ नका. मांजर, त्यातून अंगाने भरलेलं, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून जिवावर बेततं. पूर्ण दोन दिवस जेवली नाही तर दवाखाना. १० वर्षांच्या वरची असेल तर त्याच खेपेला रक्त, लघवी आणि रक्तदाब तपासून घ्या. कधी कधी शोक वाटतो तो थायरॉइडचा आजार निघतो.

प्रश्न : मी ७४ वर्षांचा आहे, एकटा राहतो. मांजर हिचं होतं. ही जाऊन सहा वर्षं झाली, पुढची सहा वर्षं ते माझं झालं. मधुमेह होता त्याला, दिवसातून दोनदा इन्सुलिन मीच टोचायचो. परवा तेही गेलं. मुलगी म्हणते दुसरं आणा. या वयात आणावं का? (रत्नागिरी)

काका, लगेच नको, आणि पिल्लू तर नकोच. पिल्लू पडद्यावर चढतं, पायात येतं, आणि १८ वर्षं जगतं. तुम्हाला मुलीपेक्षा जास्त मी ओळखत नाही, पण तुमच्या पत्रात मला दोन गेलेली माणसं दिसली, एक नव्हे. ते मांजर होतं तोवर घरात काकूंची एक जबाबदारी चालू होती. ती परवा संपली. मुलीला 'दुसरं आणा' म्हणणं सोपं वाटतं, कारण तिला तुमचे दोन रिकामे तास दिसतात, सकाळचा एक आणि संध्याकाळचा एक. तिला आधी फोनवर तिच्या आईबद्दल बोलू द्या, मांजराबद्दल नको.

दोन-तीन महिन्यांनी मन झालंच, तर मोठं मांजर बघा, आठ-दहा वर्षांचं. प्राण्यांच्या आश्रयघरांत अशी मांजरं पडून असतात, कारण सगळ्यांना पिल्लं हवी असतात. लोक म्हणतात कुत्रं माणसाला लागतं, मांजर घराला. मोठं मांजर तुमचं घर आठवड्यात आपलं म्हणेल, तुम्हाला म्हणायला थोडा जास्त वेळ घेईल. आणण्याआधी मुलीकडून एक गोष्ट कबूल करून घ्या, की तुम्हाला जमेनासं झालं तर ते ती नेईल. आणलंत की पहिल्याच दिवशी वजन करा. आधी स्वतः काट्यावर उभे राहा, मग त्याला घेऊन, आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. पुढच्या महिन्यात त्याच तारखेला पुन्हा.