जपानी कराओकेत दोन पुरुषांनी मिळून म्हणायला चांगली गाणी कुठली?

डुएट म्हणजे एक मुलगा एक मुलगी, दोघं पुरुष असलो तर काय म्हणणार, असं तुम्ही विचारलंय. हे आधी डोक्यातून काढा. मुलगा-मुलीची गाणी भरपूर आहेत, 1961 च्या 'गिन्झा नो कोई नो मोनोगातारी'पासून आहेत आणि जुन्या पिढीचे बुचो (डिपार्टमेंटचे साहेब) लोक ती अजून म्हणतात. पण दोन पुरुषांच्या जोड्या जपानमध्ये इतक्या झाल्यात की तुम्ही आणि तुमच्या टीममधला तो दुसरा मराठी मुलगा दर बोनेनकाईला (वर्षाअखेरच्या पार्टीला) नवीन गाणं घेतलंत तरी पुरतील. अवघड भाग गाणं शोधण्याचा नाहीच, हामोरी, म्हणजे मुख्य चालीबरोबर वेगळ्या सुरात चालणारी दुसरी चाल, कोण म्हणणार हे ठरवण्याचा आहे. आणि यावर मला बोलायचंच आहे.

सोपं आधी सांगून टाकतो. 'सेइशुन आमिगो', 2005 चं, कामेनाशी आणि यामाशिता या दोघांनी एका टीव्ही मालिकेसाठी म्हटलेलं, दहा लाखांच्या वर खपलं. आलटून पालटून ओळी आहेत, तिशी-चाळिशीतल्या प्रत्येक जपानी माणसाला पाठ आहे, अर्धी खोली तुमच्याबरोबर हातवारे करायला लागते. किंकी किड्सचं 'गारासु नो शोनेन' (1997) पण तसंच, दोघांचंही आडनाव दोमोतो पण नात्याने एकमेकांचे कोणी नाहीत. साहेब पन्नाशीचे असतील तर चागे अँड आस्का, 'से येस' (1991) किंवा 'या या या' (1993), दोन्ही वीस लाखांच्या वर गेलेली. युझुचं 'नात्सुइरो' (1998) म्हणजे योकोहामाच्या इसेझाकिचोमध्ये रस्त्यावर गिटार घेऊन गाणाऱ्या दोन पोरांचं गाणं, ते चुकलं तरी छान वाटतं. त्यांचंच 'एइको नो काकेहाशी' 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकला एनएचके या जपानच्या सार्वजनिक टीव्हीचं गाणं होतं, पुरुष जिम्नॅस्टिक्सच्या टीमला गोल्ड मिळालं तेव्हा कॉमेंटेटरने गाण्याचं नावच वाक्यात गुंफलं होतं, त्यामुळे ते लागलं की लोक आपोआप ताठ बसतात.

आता कोबुकुरो. कोबुची आणि कुरोदा, दोघांच्या आडनावांवरून नाव. ओसाकाजवळच्या साकाईत भेटले, कोबुची तेव्हा सेल्समन होता आणि कुरोदा रस्त्यावर गायचा. त्यांचं 'त्सुबोमी', 2007 चं रेकॉर्ड अवॉर्ड मिळालेलं गाणं, कोबुचीने आपल्या गेलेल्या आईसाठी लिहिलेलं. मी टोकियोत निशी-कासाईला राहायचो तेव्हा माझा फ्लॅटमेट आणि मी ऑफिसच्या बोनेनकाईनंतरच्या निजिकाईला (दुसऱ्या बैठकीला) हेच म्हणायचं ठरवलं. आम्ही दोघं पुण्यात एकाच क्लासला जपानी शिकलो, एकाच कंपनीत लागलो. तो लहानपणापासून पेटी शिकलेला, गांधर्वच्या परीक्षा दिलेला, त्यामुळे मुख्य चाल तो म्हणणार हे त्याने मला न विचारताच धरलं होतं. हामोरी माझ्याकडे आली.

बरं, ही हामोरी आपल्या लोकांना का जड जाते ते ऐका. आपण लहानपणापासून एकाच चालीवर सगळे मिळून गातो, भजनात, आरतीत, शाळेच्या प्रार्थनेत. शेजारचा माणूस वेगळा सूर लावतोय म्हणजे बेसूर झालाय असंच आपल्या कानाला वाटतं आणि कान लगेच घसरून त्याच्या चालीवर जाऊन बसतो. त्यात 'त्सुबोमी'ची हामोरी मुख्य चालीच्या वर जाते. अंतरही एकसारखं नसतं, साधारण समोरच्याचा सा असेल तर तुम्ही ग वर, तो रे वर गेला की तुम्ही म वर, ग वर गेला की प वर, म्हणजे कधी चार अर्धस्वर दूर कधी तीन, आणि हे गाता गाता मोजत बसायला वेळ नसतो. मी आराकावा नदीच्या बांधावर रोज संध्याकाळी एका कानात इअरफोन घालून ती पाठ केली. यूट्यूबवर फक्त हामोरी वेगळी काढून गायलेले व्हिडिओ असतात, ते घ्या. आणि मुख्य चाल आधी शिकूच नका, हामोरी हेच वेगळं गाणं आहे असं समजून पाठ करा, आणि ती झोपेतही यायला लागली की मग ओरिजिनल मोठ्या आवाजात लावून त्याच्याशी भांडत म्हणा. मला याच मार्गाने जमलं.

पार्टीत आम्ही म्हटलं. चांगलं झालं, कोरस सुरू झाला तेव्हा मागे गप्पा मारणारे लोक थांबले. पण त्या रूममध्ये स्कोअरिंग चालू होतं, आणि मशीन सूर तपासतं ते मुख्य चालीशी ताडून, स्क्रीनवर ज्या पट्ट्या येतात त्या मुख्य चालीच्याच असतात. मी वरून गातोय ते मशीनच्या लेखी चूकच. मार्क बेतास बात आले. तोझाई लाइनच्या शेवटच्या गाडीत माझा मित्र मला म्हणाला, "मी एकट्याने म्हटलं असतं तर नव्वदच्या वर गेलो असतो. तू काय, नुसती झील ओढलीस." हे तो आजही म्हणतो. पुण्याला परत आल्यावरही, जेवायला जमलो की बायकांसमोर, मुलांसमोर.

झील ओढणं कमी दर्जाचं आहे हे तर मला आधी मान्यच नाही, झीलकरी नसतील तर शाहिराचा पोवाडा उभा राहत नाही. पण ते सोडा. 'त्सुबोमी' लिहिलं कोबुचीने, चाल लावली कोबुचीने, आई त्याची. आणि मुख्य चाल त्याने कुरोदाला दिली आणि स्वतः हामोरीला उभा राहिला! ज्याचं दुःख आहे तोच माणूस दुसऱ्याच्या आवाजाला आधार देतोय. याला नुसती साथ म्हणणाऱ्याने ते गाणं नीट ऐकलेलं नाही, परीक्षा कितीही दिल्या असोत.

त्या रात्रीचं अजून एक सांगायचं राहिलं. आमच्या टीममध्ये रिटायरमेंटला आलेले एक सहकारी होते, कामापलीकडे माझ्याशी कधी बोललेले नव्हते. आमचं झाल्यावर ते माइक घेऊन माझ्याकडे आले, माझ्या मित्राकडे नाही, आणि विचारलं 'आझुसा निगो' (म्हणजे आझुसा नावाची 2 नंबरची गाडी) येतं का. 1977 चं, कारियुदो या दोन सख्ख्या भावांचं गाणं, आठच्या गाडीने शिंजुकूहून शिन्शूला (आताच्या नागानोकडे) निघालेल्या बाईच्या तोंडचं. (1978 ला नंबर बदलले आणि सकाळी आठची ती गाडी आझुसा 2 राहिली नाही, गाण्यात मात्र तीच आहे.) दोन पुरुष, बाईचं मन, आणि कोरसला दोघांचे दोन वेगळे सूर. मला कोरस येत होता. त्यांनी स्वतः खालचा सूर घेतला, मला वरचा दिला, आणि नंतर कितीतरी वेळ माझ्या शेजारीच बसून राहिले. तुम्हाला एकच गाणं सुचवायचं तर मी हेच सुचवीन, वयस्कर लोक असतील तर नक्कीच.

हे सगळं हाताशी वेळ असेल तर. पार्टी पुढच्या आठवड्यात असेल तर 'आमिगो' घ्या आणि मोकळे व्हा. जपानी कच्चं असेल तरी घाबरू नका, स्क्रीनवर कांजीच्या (चित्रलिपीच्या) वर काना (उच्चाराची अक्षरं) लिहिलेला असतो, फक्त वेग बघून गाणं निवडा. स्कोअरिंग रिमोटवरून बंद करता येतं, करा. आणि की (पट्टी) खाली घ्यायला लाजू नका, कोबुकुरो तर दोन-तीन पायऱ्या खाली घ्यावंच लागतं. की दोघांची एकदमच बदलते, म्हणून ज्याचा सूर वर जातो त्याच्या गळ्याला झेपेल अशी ठेवा, मुख्य चालवाल्याच्या सोयीने नाही.