पावसाळ्यात सत्तरी-सांगे : धबधब्यांची यादी आवरा, व्हाळ ओळखायला शिका

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पर्वरीला नुकत्याच राहायला आलात, 15 ऑगस्टला जोडून तीन दिवस मोकळे आहेत, बरोबर सात आणि अकरा वर्षांची मुलं आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. किनारे बघून झाले, आता आतला गोवा बघायचाय. सोबत यादी दिली आहे : दूधसागर, हरवळे, हिवरें, चरावणे, पाली, सावरी, मैनापी. शेवटी विचारलंय की फेब्रुवारीत माहेरची माणसं येतील तेव्हा हीच ठिकाणं चालतील का.

मी सत्तरी तालुक्यातली. इथल्या सरकारी प्राथमिक शाळांत तीस वर्षं शिकवलं, त्यामुळे पोरांना घेऊन रानात जाणं हा माझ्या कामाचाच भाग होता. त्या जोरावर सांगते : सातपैकी एकच धबधबा मुलांसह जवळून बघा आणि उरलेला वेळ ज्या रानातून हे पाणी येतं त्या रानाला द्या.

असं का म्हणते? आमच्याकडे धबधब्याला वझर म्हणतात आणि त्याच्याकडे जाताना जो ओढा ओलांडावा लागतो तो व्हाळ. बाहेरून आलेल्या माणसाला वझराची भीती वाटते, कारण तो उंच आणि आवाजी. व्हाळाची वाटत नाही, कारण जाताना पाणी घोट्याएवढं असतं, मुलं त्यात खेळत खेळत पलीकडे जातात. पण इथला घाटमाथा साधारण आठशे मीटरवर आणि आमची गावं त्याच्या पायथ्याशी. मधला उतार इतका तोकडा आणि उभा, की वर चोर्ला घाटाच्या माथ्यावर जोराची सर आली तर ते पाणी तासाभराच्या आत तुमच्या व्हाळात उतरतं. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी.

एकदा आम्ही चौदा मुलं आणि दोन शिक्षक चरावण्याला गेलो होतो. श्रावणातलं कोवळं ऊन होतं. व्हाळ ओलांडला, जेवणाचे डबे उघडले, आणि गुरं चारणारे एक काका पलीकडच्या काठावरून हातवारे करत ओरडू लागले. आवाज पोचत नव्हता. पाण्याकडे बघितलं तर मघाशी तळाचे गोटे दिसत होते ते आता चहासारखं झालं होतं आणि सुकी पानं, काटक्या वाहून येत होत्या. दहा मिनिटांत जाण्याची वाट बंद. काका फिरून वरच्या अंगाने आले आणि आम्हाला उंच खडकावर नेऊन बसवलं. साडेतीन तास बसलो. मुलं घाबरली नव्हती, मी घाबरले होते. तिथे काकांनी शिकवलेली गोष्ट त्यानंतर मी प्रत्येक वर्गाला शिकवली : व्हाळ ओलांडताना पाण्याच्या वर डोकं काढलेला एक दगड हेरून ठेवायचा. दर थोड्या वेळाने कुणीतरी एकाने त्या दगडाकडे बघून यायचं. दगड दिसेनासा झाला, पाणी गढूळ झालं किंवा त्याचा आवाज जड झाला, तर वझर बघून होवो न होवो, परत फिरायचं. आणि पाणी आधीच चढलं असेल तर ओलांडायचं नाही, थांबायचं. पाऊस थांबला की व्हाळ जसा भरतो तसाच उतरतोही. माणसं जातात ती बहुतेक घाई करताना.

जुलै 2024 मध्ये एका रविवारी पालीच्या धबधब्यावर पुष्कळ माणसं अशीच पलीकडे अडकली होती आणि त्यांना दोर लावून आणावं लागलं. त्याआधी जुलै 2023 मध्ये नेत्रावळीच्या मैनापीवर दोघे बुडाले, तेव्हा वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर प्रवेशच बंद केला होता. दर पावसाळ्यात जिल्हाधिकारीही धबधबे आणि चिऱ्यांच्या जुन्या खाणींत पोहायला बंदी घालतात. म्हणून निघण्याआधी त्या आठवड्यात काय खुलं आहे ते वनखात्याच्या कचेरीत विचाराच. सत्तरीसाठी वाळपईत, सांग्याकडच्या धबधब्यांसाठी नेत्रावळीत. बंद असेल तर गावातला कुणी पोरगा 'मी मागच्या वाटेने नेतो' म्हणेल. त्याच्यामागे जाऊ नका. खुलं असेल तर मात्र गावातला वाटाड्या जरूर घ्या, त्याला योग्य पैसे द्या आणि तो 'पुरे' म्हणाला की वाद घालू नका. किनाऱ्यावर असतात तसे जीवरक्षक या व्हाळांवर उभे नसतात. फोनलाही बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, तेव्हा कुठे जाताय आणि कधी परतणार हे घरी कुणालातरी सांगून निघा.

दूधसागरचं आधी निकालात काढते. 310 मीटरचा, चार टप्प्यांत कोसळणारा, पावसाळ्यात बघण्यासारखा आहे यात वाद नाही. पण कुळ्याहून जाणाऱ्या जीप पावसाळ्यात बंद असतात, साधारण ऑक्टोबरात सुरू होतात. रुळांवरून चालत जायला रेल्वेची मनाई आहे आणि ती योग्यच आहे. घाटात वळणं आणि बोगदे एकामागून एक, पावसाच्या आवाजात गाडी ऐकू येत नाही. ऑगस्टमध्ये तो बघायचा तर कॅसलरॉकच्या बाजूला जाणाऱ्या गाडीत बसून खिडकीतून बघा. सासूबाईंनाही जमेल. गाडी थांबली तरी उतरू नका.

पहिल्या दिवशी जवळून बघायचा तो हरवळे. साखळीच्या अगदी शेजारी, गाडी जवळपर्यंत जाते, रुद्रेश्वराचं देऊळ बाजूलाच. व्हाळ ओलांडायचा प्रश्नच नाही. तुषार अंगावर येतात, मुलांना तेवढ्याने पोटभर आनंद होतो. खालचं कुंड शांत दिसतं पण ते खोल आहे, आजवर तिथे अनेक जीव गेलेत. पाय धुवायलाही उतरू नका. तिथून जवळच जांभा दगडात कोरलेल्या जुन्या गुंफा आहेत, गावात त्यांना पांडवांच्या गुंफा म्हणतात. आत शिवलिंगं आहेत.

हरवळ्याहून पुढे केरीला या. इथे एक सूचना, कारण फोनवरच्या नकाशाने फसलेली माणसं मी दर पावसाळ्यात बघते. केरी गोव्यात एकाहून जास्त आहेत : पेडण्यात किनाऱ्यावरची, फोंड्यातली आणि आमची सत्तरीतली. सुर्लाचंही तसंच. डिचोलीतलं खाणींचं सुर्ला वेगळं, सत्तरीतलं चोर्ल्याच्या माथ्यावरचं वेगळं, आणि महादेवाचं देऊळ आहे ते तांबडी सुर्ला पार वेगळ्याच तालुक्यात, घाटाच्या पायथ्याशी. नाव टाकताना तालुका बघून टाका.

केरीहून अंजुण्याचं धरण डाव्या-उजव्या हाताला लपाछपी खेळत राहतं आणि रस्ता चोर्ला घाटाला लागतो. वळणांवर रस्त्याच्या कडेला पाणी कोसळत असतं, तिथे गाड्या थांबवून फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते. हा बेळगावचा वाहता रस्ता आहे, धुक्यात ट्रक अचानक समोर येतो. वळणावर थांबू नका. माथ्यावर जाऊन सुर्लाच्या बाजूला वळा. सड्यावरून, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या कातळावरून, समोरच्या दरीत वझर पडताना दिसतात, ढग बाजूला झाला तरच. ढग येतो, जातो, पुन्हा येतो. अर्धा तास थांबायची तयारी ठेवा. माझ्या मते सत्तरीचा पावसाळा बघायला यापेक्षा चांगली जागा नाही, आणि त्यासाठी कुणाला एकही व्हाळ ओलांडावा लागत नाही. कड्याजवळ मात्र शेवाळ असतं, मुलांचा हात सोडू नका.

मुलांना रान दाखवायचं तर आमच्या देवरायांकडे न्या, इथे त्यांना नुसतं राय म्हणतात. बांबरला निरंकाराची राय आहे. जमीन बारमाही पाण्याखाली, आणि त्या चिखलात जायफळाच्या कुळातली रानटी झाडं. चिखलात हवा मिळत नाही म्हणून त्यांची मुळं गुडघ्यासारखी वाकून वर येतात, श्वास घेऊन परत खाली जातात. माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं होतं, 'बाई, झाडं उकिडवी बसलीत का?' असं रान सह्याद्रीत आता अगदी थोड्या जागी उरलंय. इथे उरलं ते देवाच्या धाकाने, कुणी फांदी तोडली नाही म्हणून. आत जाण्यापूर्वी गावात विचारा, चपला कुठे काढायच्या ते सांगतील, आणि मुळांवर कुणाला उभं राहू देऊ नका.

दुसरा दिवस सासूबाईंचा करा. बोंडला सकाळी, तांबडी सुर्ला दुपारी. बोंडला आठ चौरस किलोमीटरचं, आपल्या अभयारण्यांत छोटं, पण बाग आणि प्राणिसंग्रहालय असल्याने लहान मुलांना सोपं. गुरुवारी बंद असतं, ते आधी बघा. गवा तिथे जवळून दिसतो. तो गोव्याचा राज्यप्राणी आहे हे मुलांना सांगा. तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ कदंबांच्या काळातलं, काळ्या दगडाचं, पूर्वेला तोंड असलेलं. गोव्यातली इतकी जुनी देवळं फारशी उभी राहिली नाहीत. हे रानात खोल होतं म्हणून वाचलं. बाजूने नदी वाहते. सासूबाईंना देवळाच्या मंडपात बसू द्या, तिथे दगडी कक्षासनं, म्हणजे टेकून बसायचे कट्टे, आहेत, आणि पावसाचा आवाज ऐकू द्या. पुढे रानात धबधबा आहे, पण वाट व्हाळाची आहे. ऑगस्टमध्ये सोडा.

तिसऱ्या दिवशी पाऊस फार नसेल तर सांगे. पर्वरीहून लांब पडतं, सकाळी सातला निघा. साळावलीचं धरण भरलं की पाणी बदकाच्या चोचीसारख्या गोल सांडव्यातून आत ओतलं जातं. पातळी 41.15 मीटर झाली की ते वाहू लागतं, आणि चांगला पाऊस असेल तर ऑगस्टपर्यंत वाहत असतं. मुलं तिथून हलणार नाहीत. पण याच पाण्याखाली कुर्डी गाव आहे, गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं. मे महिन्यात पाणी उतरलं की गावाची जोती, वाटा वर येतात आणि कुर्डीची माणसं आपल्या देवाला भेटायला जमतात. तिथलं महादेवाचं प्राचीन देऊळ मात्र आधीच दगड दगड सोडवून धरणाच्या जवळ नव्याने उभं केलंय. ते बघा. त्यानंतर नेत्रावळीला गोपिनाथाच्या देवळाची बुडबुड्यांची तळी. तळाच्या वाळूतून बुडबुडे वर येत असतात, काठावर टाळ्या वाजवल्या की जास्त येतात असं म्हणतात. सावरी, मैनापीची चढण सासूबाईंसाठी नाही, सात वर्षांच्या मुलासाठीही नाही.

कपड्यांचं : पायांत पकड असलेले बूट, चपला नकोत. जळवा लागतील. मीठ किंवा तंबाखूचं पाणी लावा, लागलीच तर ओढून काढू नका. खायचं केरीत, साखळीत, वाळपईत मिळतं, भाजी-पाव आणि मिरची भजी सगळीकडे. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली असेल तर वाळपईच्या बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळांचं, सामान आलेलं असेल : कांगलां, करमलां, घागऱ्यो. विकणाऱ्या बायकांना नावं विचारा, त्या आनंदाने सांगतात. मुलांना एका तासात जेवढं रान कळेल तेवढं माझ्या पुस्तकांतून कळलं नाही.

एक कळकळीची विनंती. वरच्या अनेक वाड्यांवर पिण्याचं पाणी डोंगरातल्या झऱ्यांवरून नळी लावून आणतात. तुम्ही ज्या डोहात साबण लावाल तेच पाणी खाली कुणाच्या तरी घागरीत जातं. बाटल्या फोडून गेलेल्यांच्या काचा मी आणि माझ्या शाळेतल्या मुलांनी दर नोव्हेंबरात वेचल्या आहेत, एका मुलाच्या टाचेला सहा टाके पडले. तुम्ही असं करणार नाही हे मला माहीत आहे. कुणी करताना दिसलं तर बोला.

आता फेब्रुवारी. तेव्हा व्हाळ आटतात, धोका पाण्याचा उरत नाही, पण दुसरा असतो. 2015 मध्ये पालीत माकडतापाची साथ आली आणि तेव्हापासून सत्तरीत हा आजार अधूनमधून डोकं काढतो. या आजाराचे विषाणू असलेल्या रानातल्या गोचिडी माणसाला चावल्या की होतो, आणि हंगाम साधारण डिसेंबर ते मे. म्हणून त्या दिवसांत पालापाचोळ्यावर बसू नका, पूर्ण बाह्या आणि मोज्यांत खोचलेली विजार घाला, घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून अंग तपासा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवा. नंतरच्या आठ-दहा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना 'सत्तरीच्या रानात गेलो होतो' हे पहिल्यांदा सांगा. माहेरच्यांना त्या वेळी दूधसागरला जीपने न्या. आणि उसगाळीमळला न्या, कुशावतीच्या काठी जांभ्यावर कोरलेली बैल, माणसं आणि चक्रव्यूहासारखं वर्तुळ दिसेल. ही चित्रं 1993 मध्ये जगासमोर आली. पावसाळ्यात ती पाण्याने, शेवाळाने झाकलेली असतात, म्हणून ऑगस्टच्या बेतात मी धरली नाहीत.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी पूर्वेला चोर्ल्याकडे बघा. डोंगर काळा दिसत असेल आणि रात्रभर गडगडत राहिलं, तर पहिला आणि दुसरा दिवस उलटा करा. बोंडला आणि देऊळ आधी, घाट नंतर.