गंजलेलं टूल आणि न चुकता भरलेली किमान रक्कम

प्रश्न: माझं निकेल-कॅडमियम बॅटरीचं कॉर्डलेस रोटरी टूल (कोरायचं हातातलं फिरतं यंत्र) दोन वर्षं पेटीत पडून होतं. आता बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवट पूड जमलीय. दुरुस्तीला नव्या किटच्या पाचव्या भागाइतका खर्च येईल. विक्रेता म्हणतो, नवंच घ्या, वाढीव वॉरंटीही देतो. क्रेडिट कार्डावर घ्यावं का? नावं कोरलेल्या भेटवस्तू विकून पैसे सुटतील. कार्डावर किटच्या चौपट बाकी आहे, व्याज महिना ३ टक्के, पण किमान ५ टक्के न चुकता भरतो. अडीअडचणीसाठी किटच्या नऊपट रक्कम बचत खात्यात आहे, वर्षाला ३ टक्क्यांनी.

उत्तर: टूलचं आधी उरकू. मोटरचा दांडा हाताने मोकळा फिरतो का? फिरत असेल तर दुरुस्ती करा. ती पूड बॅटरीतून झिरपलेल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडमुळे जमलीय. हातमोजे आणि चष्मा घालून व्हिनेगरच्या बोळ्याने पुसा, वाळू द्या. वायरच्या आवरणाखाली हिरवट रंग शिरला असेल तर तेवढी वायर बदला. बॅटरीचे नवे सेल त्याच जातीचे, तेवढ्याच व्होल्टचे घ्या. जुन्या चार्जरवर लिथियम सेल लावू नका, आग लागू शकते. मोटरच आतून गंजली असेल तर मात्र त्यावर खर्च करू नका.

वाढीव वॉरंटी नको. बॅटरी आणि गंज त्यात बहुधा वगळलेले असतात, म्हणजे तुमचं जे बिघडलं नेमकं तेच. आणि भेटवस्तूंचं म्हणाल तर दोन वर्षांत एकही कोरली नाहीत, म्हणून तर बॅटरी पडून पडून गेली!

आता तुम्ही न विचारलेलं. किट १०० धरा, म्हणजे कार्डाची बाकी ४००. तिच्यावर महिन्याला १२ व्याज. बचत खात्यातले ४०० तेच १२ मिळवायला वर्ष लावतात. 'न चुकता' भरलेल्या २० पैकी १२ व्याजात जातात, मुद्दल फिटतं ८. आठ-नऊ महिन्यांत एक अख्खं किट तुम्ही बँकेला भेट देता आणि मला विचारता २० च्या दुरुस्तीबद्दल! शिवाय मागची बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस सहसा मिळत नाहीत.

बचतीला हात लावायचा नाही, हे तुम्ही पक्कं धरून बसलात. अडचण याहून कोणती यायची? ४०० आजच फेडा, ५०० उरतील. मग दरमहा कार्डाला जाणारे २० बचत खात्यात टाका, वीसेक महिन्यांत ती पुन्हा ९०० होईल. सेल हवेच असतील तर पहिल्या महिन्याचे २० त्यात घाला आणि बचतीची भरती दुसऱ्या महिन्यापासून सुरू करा. कार्ड खिशात नको, घरी ठेवा.