परत येणारं गिऱ्हाईक

प्रिय बाय,

तुझ्या नव्या पार्लरचे फॉलोअर वाढताहेत पण खुर्ची रिकामी राहते, असं तू लिहिलंस. त्यात नवल नाही. फॉलोअर जगभरचे असतात, तुझी खुर्ची म्हापशात आहे. केस कापायला गोव्याच्या दुसऱ्या टोकाहून, काणकोणहून, म्हापशाला कोण येणार? फोटो टाकायचे तर गावाचं नाव घालून टाक, आणि ज्याचे केस त्याला आधी विचार.

कळंगुट-मोरजीच्या किनाऱ्यावरचा पर्यटकांचा सीझन बघून हुरळू नकोस. ऑक्टोबर ते मार्च तिथे पैसा आहे, नाही कसं म्हणू? पण केसांचा रंग फिका पडतो तोवर ती परदेशी बाई आपल्या देशात पोचलेली असते. तुला पोसणार ती बँकेत, शाळेत नोकरी करणारी, केस पिकायला लागलेली इथलीच बाई. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, चार-पाच आठवड्यांत भांगात पांढरी रेघ दिसायला लागते. म्हणजे वर्षाला दहा वेळा तरी ती कुठल्या ना कुठल्या पार्लरात जाणारच. अशा साठजणी तुझ्याकडे टिकल्या की वर्षाला सहाशे फेऱ्या झाल्या, रोजच्या दोघी तर ठरलेल्याच.

त्या टिकतात की नाही, ते पहिल्या भेटीत ठरतं. कात्री उशिरा उचल. केस धुण्याआधी, कोरडे असताना बघ. ओल्या केसांत वळण लपतं. घरी पाणी विहिरीचं की नळाचं, स्कूटरवर हेल्मेट घालता का, सकाळी केसांना किती वेळ मिळतो, हे विचार. हेल्मेटखाली जाणारा फुगवटा तासभर सेट करून काय उपयोग? आणि मेंदीचं खोदून विचार. ‘मेंदी नाही लावत’ म्हणणाऱ्या कित्येकजणी काळी मेंदी लावतात, ती त्यांना मेंदी वाटतच नाही! काही काळ्या मेंद्यांत धातूचे क्षार असतात. त्यावर ब्लीच पडलं की केस तापून तुटू शकतो. आतली एक बारीक बट घेऊन आधी तिच्यावर करून बघ.

रंगाची ॲलर्जी आहे का ते बघायची पॅच टेस्ट ४८ तास आधी, कानामागे. ‘मला कधी काही होत नाही, आजच कर,’ असं ऐकावं लागेल. तरी करू नकोस. रागावून गेली तर जाऊ दे. त्या दिवशी नुसता कट करून दे आणि रंगाला परवा बोलाव. एका आठवड्यात तीच बाई दोनदा आली की ओळख आपोआप होते.

ती उठायच्या आत पुढची तारीख वहीत लिही. रंगाचा नंबर, पाण्याचा प्रकार, मुलीची बारावी, सगळं तिथेच.

उद्घाटनाची अर्ध्या किमतीची ऑफर लावू नकोस. स्वस्त म्हणून आलेली बाई आणखी स्वस्त मिळालं की तिकडे जाते. त्यापेक्षा दोन कटांच्या मध्ये कपाळावरची फ्रिंज फुकट सावरून दे. जुन्या पार्लरातल्या गिऱ्हाइकांचे नंबर मात्र चोरून आणायचे नाहीत. म्हापसा लहान आहे, शुक्रवारच्या बाजारात सगळ्यांची गाठ पडते.

चतुर्थीच्या आधीचे पंधरा दिवस श्वास घ्यायला मिळणार नाही, आणि चतुर्थीला सगळी आपापल्या गावच्या घरी. तेव्हा तारीख ठरवायचा मेसेज गिऱ्हाइकांना तीन आठवडे आधी जायला हवा. कोर्साच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत ख्रिस्ती लग्नं सहसा नसतात. तेव्हा ख्रिस्ती नवरीच्या जाळीदार ओढणीखालचा, व्हेलखालचा अंबाडा आणि अबोलीची फाती माळायचा खोपा, दोन्हींवर हात बसव. पावसात दमटपणाने केस फुलतात, तेव्हा स्मूदनिंगची, म्हणजे औषध लावून केस सपाट-मऊ करायची चौकशी वाढेल. केस आधीच ब्लीच केलेले असतील तर सरळ नाही म्हण.

नवरी तुझ्याकडे एकदाच येईल. ट्रायलच्या दिवशी तिच्या आईला आणि वहिनीलाही घेऊन यायला सांग, चहा दे, त्यांच्या केसांबद्दल विचार. एप्रिल-मेच्या लग्नांच्या तारखा आत्ताच वहीत घाल, आणि त्या आठवड्यांतल्या, मुळांना रंग लावायला येणाऱ्या टच-अपवाल्या बायकांना चार दिवस अलीकडे बोलाव.

तुझी,
ताई