गणिताच्या तासाला एआयचा उपयोग कुठे करावा?

सहावी-सातवीला गणित शिकवताना शिकवणं, मुलांचा सराव आणि तपासणी यांत एआयची खरंच मदत होते का, आणि सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय. मीही हाच विषय शिकवतो. माझ्या मते सुरुवात चाचणीपासून करा. पण गुण द्यायला नाही, मुलं नेमकी कुठे अडलीत ते शोधायला.

०.४५ आणि ०.६ यांत मोठी संख्या कोणती? बरीच मुलं ०.४५ म्हणतात, कारण ४५ हे ६ पेक्षा मोठे. ही चूक आपल्या ओळखीची आहे. पण काही मुलांनी उलटाच नियम धरलेला असतो: दशांश चिन्हापुढे आकडे कमी, तर संख्या मोठी. त्यांचं उत्तर ०.६ येतं, आपण बरोबरची खूण करतो आणि गैरसमज तसाच राहतो. त्याच मुलाला ०.४५ आणि ०.३ विचारा, तो ०.३ मोठी म्हणेल.

अशा जोड्या प्रत्येक धड्यासाठी स्वतः काढत बसायला वेळ मिळत नाही. तिथे एआय फार कामाला येतं. नुसतं 'दशांश अपूर्णांकांवर प्रश्न दे' म्हटलंत तर गाइडमध्ये असतात तसलेच प्रश्न मिळतील. त्याऐवजी मुलांचे गैरसमज तुम्हीच लिहून द्या आणि सांगा, की प्रत्येक चुकीचा पर्याय यांपैकी एका गैरसमजातून आलेला हवा, आणि कोणता कशातून आला तेही शेजारी लिही. आलेला प्रत्येक प्रश्न वर्गात नेण्याआधी सोडवून बघा, कारण पर्याय काढताना एआयकडूनही चुका होतात. चार-पाच चांगले प्रश्न निघाले तरी उद्या फळ्यावर काय घ्यायचं ते कळतं.

सरावासाठी मुलांच्या हातात थेट चॅटबॉट देऊ नका. तुर्कस्तानात माध्यमिकच्या जवळपास हजार मुलांवर झालेला एक प्रयोग २०२४ मध्ये समोर आला. चॅटजीपीटीसारखं साधन मिळालेल्या मुलांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. पण साधन काढून परीक्षा घेतली, तेव्हा ती मुलं, ज्यांना ते कधी मिळालंच नव्हतं त्यांच्यापेक्षा १७ टक्के मागे पडली. ज्या गटाच्या साधनाला उत्तर न देता शिक्षकांनी ठरवलेल्या सूचनाच द्यायला लावलं होतं, तिथे हे नुकसान बहुतांशी टळलं. घरी पालक विचारतात तेव्हा मी त्यांना हेच सांगतो: पुढची पायरी विचारू दे, उत्तर नको.

वर्णनात्मक नोंदी, म्हणजे प्रत्येक मुलाच्या प्रगतीबद्दल आपण लिहितो ते शेरे, एआयकडून लिहून घेऊ नका. सगळ्या वर्गाच्या नोंदी एकाच साच्याच्या येतात, आणि त्या मुलाला ओळखणारं तिथे कोणीच उरत नाही. मुलांची नावं, हजेरी क्रमांकही एआयमध्ये टाकू नका.

गृहपाठ एआयकडून करून आणलाय का हे ओळखणाऱ्या साधनांवर विसंबून तर कुणाही मुलाला दोष देऊ नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच आपलं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. शंका आली तर त्याच उदाहरणातले आकडे बदलून मुलाला फळ्यापाशी बोलवा आणि प्रत्येक पायरीला 'हे असं का केलंस?' एवढंच विचारा.