शाळकरी मुलांना शहराच्या नियोजनात खरोखर कसं सामील करून घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की धुळ्यात शिकवता, ‘माझ्या स्वप्नातलं शहर’ ही चित्रकला स्पर्धा दरवर्षी होते, बक्षिसं वाटली जातात आणि चित्रं कपाटात जातात; आठवी-नववीच्या मुलांना यापुढे नेता येईल का? मी तापीकाठच्या एका नगरपालिकेच्या गावात भूगोल शिकवतो आणि काही वर्षं मुलांना घेऊन हेच काम करतोय. माझं सांगणं एवढंच, की मुलांना अख्खं शहर देऊ नका. एक जागा द्या, त्या जागेचा कागद द्या, आणि तिच्याबद्दल पालिकेचं लेखी उत्तर मिळवून द्या.

जागा म्हणाल तर कॉलनीतली ओपन स्पेस. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा लेआउट, म्हणजे प्लॉट पाडण्याचा नकाशा, मंजूर करताना १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते; २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीतही हे आहे. आपल्याकडे या जागांवर काय असतं, तुम्हाला ठाऊकच आहे. खडीचा ढीग, काटेरी बाभळी, बांधून ठेवलेली म्हैस, अर्धवट सभामंडप. मुलं तिथेच क्रिकेट खेळतात, पण ही जागा कागदोपत्री सगळ्या कॉलनीसाठी राखलेली आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. नगररचना विभागाकडे शाळेच्या लेटरहेडवर मंजूर लेआउटची प्रत मागा. टोलवाटोलवी झाली तर शिक्षकाने स्वतःच्या नावाने माहिती अधिकारात अर्ज करावा, शुल्क १० रुपये. प्रत हातात आली की मोठा टेप घेऊन मुलांना जागेवर न्या. नकाशातला आकडा आणि टेपवरचा आकडा जुळला नाही की मुलं आपणहून पुन्हा मोजायला जातात. प्रमाण, क्षेत्रफळ, दिशा, सगळं तिथे कामाला येतं.

धुळ्यात तुम्हाला एक जास्तीची सोय आहे. १८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला खानदेशचं मुख्य ठाणं केलं आणि नवी पेठ आखून वसवली. नंबरांच्या गल्ल्या मुलं रोज तुडवतात. त्या भागाचा नकाशा आणि पांझरेपलीकडच्या देवपुरातल्या एखाद्या नव्या कॉलनीचा नकाशा शेजारी ठेवा. रस्ता आधी आखला की घरं आधी उभी राहिली, हे मुलांना स्वतःच दिसेल.

दुसरं काम सावलीचं. मार्चनंतर शाळा सकाळची होते आणि मुलं भर दुपारी घरी जातात. पारा ४५ च्या वर जाणाऱ्या आपल्या भागात शाळा ते घर हा रस्ता मोठ्यांना कळत नाही, कारण तेव्हा ते गाडीवर असतात किंवा पंख्याखाली. मुलांना घरापर्यंतच्या रस्त्याचा कच्चा नकाशा काढायला लावा: सावली कुठे, पाणी कुठे, कुत्री कुठे, कुठून जायला भीती वाटते. मुलींचे नकाशे वेगळे बघा. आमच्या वर्गात एकाच रस्त्याचे मुलांचे आणि मुलींचे नकाशे इतके निराळे आले की तेव्हापासून मी ते कधीच एकत्र करत नाही. ‘आठे सावलीच नही, सर’ (इथे सावलीच नाही) असं एका मुलाने नकाशावरच अहिराणीत लिहिलं होतं. तो कागद तसाच अर्जाला जोडला, आणि पालिकेच्या अभियंत्यांनी झाडं लावायची बाजू बदलून पश्चिमेला घेतली. एका ओळीची झाडं, पण मुलांच्या सांगण्यावरून लागलेली.

तिसरं काम नाल्यांचं, आणि मला ते सगळ्यात मोलाचं वाटतं. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी वस्तीत, दुकानांत घुसलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. जुने नाले कुठून वाहायचे हे म्हाताऱ्या माणसांना माहीत असतं. कारकून विचारायला गेला तर ती गप्प बसतात, आणि नातवाने अहिराणीत विचारलं की ‘आठे नाला व्हता’ म्हणत काठीने जागा दाखवतात. मुलांनी हे नोंदवून सिटी सर्व्हेच्या, म्हणजे शहरातल्या जमिनींच्या सरकारी मोजणीच्या, नकाशावर उतरवलं, तर पालिकेच्या अधिकाऱ्यालाही तो कागद उपयोगी पडतो.

कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये विकास आराखड्याचं, म्हणजे शहरात रस्ते-मैदानं कुठे येणार हे ठरवणाऱ्या आराखड्याचं, प्रारूप (कच्चा मसुदा) प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात आणि त्या ‘कोणतीही व्यक्ती’ लेखी देऊ शकते. मतदार असण्याची अट नाही. आराखडा निदान २० वर्षांतून एकदा सुधारायचा असतो. म्हणजे आज नववीत असलेलं मूल पुढच्या आराखड्याच्या वेळी पस्तिशीला आलेलं असेल. ज्या रस्त्यांवर आणि मैदानांवर त्याचं तारुण्य जाणार, ते ठरताना त्याला विचारायचंच नाही, हे मला अजिबात पटत नाही. मुलांना त्यांच्याशी संबंधित गोष्टींत मत मांडू द्यावं हे संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचं १२ वं कलमही सांगतं, आणि भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली आहे.

मुख्याध्यापक तासांचं कारण सांगतील. दहावीच्या भूगोलात क्षेत्रभेट आहे, नववी-दहावीला जलसुरक्षेचे प्रकल्प आहेत. हे काम त्यातच बसवा. पालकांची लेखी संमती घ्या, हायवेलगत नेऊ नका.

एका गोष्टीत मात्र कडक राहा. मुलांच्या अर्जाची पोच घ्या आणि तारीख लावून पाठपुरावा करा. उत्तर ‘निधी नाही’ असं आलं तरी चालेल, ते वर्गात वाचून दाखवा आणि मुलांना त्यावर पुढचा अर्ज लिहू द्या. उत्तरच आलं नाही तर पुढच्या वर्षी मुलं टेप हातात घेत नाहीत. नगरसेवक फोटोला येतील. येऊ द्या, पण मुलांचा कागद आधी त्यांच्या हातात द्या आणि मुलांसमोर वाचायला सांगा.

वेळेचं गणित असं: नवं अंदाजपत्रक १ एप्रिलपासून लागू होतं, आणि त्याची जुळवाजुळव हिवाळ्यातच सुरू होते. त्यामुळे मोजणी दिवाळीआधी संपवा आणि अर्ज डिसेंबरात द्या. नोंदींची वही मुलांच्या घरी जाऊ देऊ नका. ती शाळेच्या ग्रंथालयात ठेवा, म्हणजे ही मुलं दहावी होऊन गेली तरी नवी आठवी त्याच जागेचा पाठपुरावा पुढे चालवू शकेल.