वाचकांचे प्रश्न : शॉर्टवेव्ह, थरथरता हात आणि माडावरची तार

प्रश्न : वय ६८. कंपवातामुळे उजवा हात थरथरतो. काट्याच्या जुन्या रेडिओ सेटवर स्टेशन सापडतं न सापडतं तोच काटा पुढे सरकतो. शॉर्टवेव्हचा नाद आता सोडावा का?
– एक वाचक, साखळी

उत्तर : नाद नव्हे, सेट सोडा. अशा सेटवर ६ ते १८ मेगाहर्ट्झ एवढा पल्ला साधारण १० सेंटिमीटरच्या पट्टीत कोंबलेला असतो. म्हणजे एका मिलिमीटरला १२० किलोहर्ट्झ. शॉर्टवेव्हवर स्टेशनं ५ किलोहर्ट्झच्या अंतराने बसतात, तेव्हा त्या मिलिमीटरभर जागेत २४ स्टेशनांची सोय झाली! धडधाकट हाताचीही तिथे तारांबळ उडते.

आकडे दाबून फ्रिक्वेन्सी लावता येते असा डिजिटल सेट घ्या; टेकसन पीएल-६६० किंवा एक्सएचडाटा डी-८०८ ही त्यातली दोन नावं. ११,७५५ किलोहर्ट्झ हवं तर १-१-७-५-५ दाबायचं, झालं. मात्र दोन अडचणी येतील. पहिली, दोन आकडे दाबताना मध्ये वेळ गेला की बरेच सेट आधीचे आकडे पुसून टाकतात. म्हणून नेहमीची स्टेशनं एकदाच कुणाकडून तरी मेमरीत भरून घ्या. पुढे एका-दोन बटणांचं काम उरतं. दुसरी, बटणं लहान आणि चिकटून असल्यामुळे एका बोटाने दोन दाबली जातात. यावर उपाय आहे. बटणांवर कागद ठेवून पेन्सिलीने घासा, छाप उठेल. तो छाप ३ मिलिमीटर जाडीच्या ॲक्रिलिकवर चिकटवून नंबरप्लेट कापणाऱ्याकडून प्रत्येक बटणावर भोक पाडून घ्या आणि पट्टी दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने सेटवर बसवा. मग हात पट्टीवर टेकवून बोट सरकवायचं. भोकात उतरलं की तेच बटण दाबलं जातं, शेजारचं नाही. सेट हलका असतो, दाबताना घसरतो. त्याच्याखाली रबरी जाळी अंथरा, आणि कोपरापासून मनगटापर्यंत हात टेबलावर टेकेल अशी खुर्ची घ्या. नुसतं मनगट टेकवून भागत नाही.

प्रश्न : मी व्हीलचेअरवर असते. घर कौलारू, परसात माड आहेत. सेट नवीन घेतला, तरी घरात नुसती खरखर. बाहेर तार बांधायची तर रोज कोण चढणार?
– एक वाचिका, पेडणे

उत्तर : तारेचं नंतर बघू. आधी सेट बॅटरीवर लावा, रात्री ४९ मीटर बँडवर (५,९०० ते ६,२०० किलोहर्ट्झ) आणा आणि घरातल्या कुणाला तरी मेन स्विच पाच मिनिटं बंद करायला सांगा. खरखर एकदम बसली तर चोर घरातच आहे. मग एकेक एमसीबी चालू करत जा. बहुतेक वेळा एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर, इन्व्हर्टर नाहीतर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर सापडतो. नव्याने ऐकणारे बरेच लोक आपल्या कानाला किंवा सेटला दोष देतात, आणि शेजारी चार्जर खुशाल चालू असतो.

कौलं लहरी अडवत नाहीत. स्लॅबमधल्या लोखंडी सळ्या अडवतात. त्यामुळे तुम्हाला फार उंच तार नको. १ चौरस मिलिमीटरची प्लॅस्टिक आवरणाची १० मीटर तार पुरते. याहून लांब तार लावली तर लहान सेट गुदमरतो : जोरदार स्टेशनं एकमेकांवर चढतात, नसलेल्या जागी ऐकू येतात. तसं झालं तर सेटवरचा डीएक्स-लोकल खटका (सेट किती क्षीण सिग्नल पकडेल ते ठरवणारा) लोकलवर घ्या किंवा तार आखूड करा.

माडावर चढायचं काम एकदाच. नारळ पाडायला येणाऱ्या पाडेल्याकडून वर एक कप्पी आणि बुंध्याला दुसरी बांधून घ्या. दोर तारेच्या टोकाला बांधून वरच्या कप्पीतून खाली, बुंध्याच्या कप्पीतून बल्कांवापर्यंत (घरापुढच्या ओसरीपर्यंत) आणि तिथल्या खांबावरच्या तिसऱ्या कप्पीवरून खाली सोडा. टोकाला वाळू भरलेली एक लिटरची बाटली लटकवा. वाऱ्यात माड डोलला की बाटली वरखाली होते, तार तुटत नाही. तार आणि दोर यांच्या मध्ये पीव्हीसी पाइपचा तुकडा दोन भोकं पाडून घाला. तार उतरवायची तर बसल्या जागेवरून दोर सैल सोडायचा. माडाखाली जायलाच नको. नारळाला डोळे असतात म्हणतात, पण त्यावर विसंबून कोण राहणार? दोर ऊन खातो, तो दर मृगाआधी तपासा. विजेच्या तारेच्या वरून किंवा खालून अँटेना कधीच नेऊ नका. तुटली तरी तिथवर पोचता कामा नये.

वीज कडाडायला लागल्यावर अँटेना काढू असं तुमच्या बाबतीत चालणार नाही. आटे फिरवून बसवायचा कनेक्टर घेऊ नका. ओढला की निघणारा बनाना प्लग खुर्चीवरून हात पोचेल अशा उंचीवर, खिडकीच्या बाहेरच्या बाजूला बसवा. ऐकणं संपलं की दर वेळी तो ओढून सेटपासून लांब ठेवायचा, आभाळ निरभ्र असलं तरी.

प्रश्न : कानाच्या मागचं श्रवणयंत्र लावून हेडफोन घातला की शिट्टी वाजते.
– डिचोली

उत्तर : हेडफोनच्या कपात यंत्राचा माइक सापडतो, म्हणून. यंत्राला टी-कॉइल (माइकऐवजी चुंबकीय क्षेत्रातून आवाज घेणारी कॉइल) असेल तर गळ्यात घालायचा नेकलूप सेटच्या हेडफोन सॉकेटला जोडा आणि यंत्र ‘टी’वर करा. बोलणं बोदं वाटत असेल तर स्टेशन १ किलोहर्ट्झ बाजूला सरकवून ऐका. वरचे स्वर उठतात आणि ‘स’, ‘श’, ‘त’ वेगळे कळू लागतात.

प्रश्न : पक्षाघातानंतर भावाची वाचा गेली, उजवा हातही चालत नाही. त्याला हॅम रेडिओ, म्हणजे हौसेखातर रेडिओवरून इतरांशी संपर्क, करता येईल?
– फोंडा

उत्तर : येईल. प्रसारणं ऐकायला परवाना लागत नाही. बोलायला, म्हणजे सिग्नल पाठवायला, केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. ‘रिस्ट्रिक्टेड’ दर्जाला मोर्स लागत नाही.

वाचा नसलेल्याला एफटी८, म्हणजे संगणकाने छोटे लेखी संदेश रेडिओवरून पाठवायची पद्धत, सोयीची. डब्ल्यूएसजेटी-एक्स हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर चालतं, संदेश ठरलेल्या साच्यातले असतात, डाव्या हाताने माउस दाबला की काम होतं. ४० मीटरवर ७,०७४ आणि २० मीटरवर १४,०७४ किलोहर्ट्झला ही मंडळी जमतात. धबधब्यासारख्या पडद्यावर रेघा दिसताहेत पण अक्षर उमटत नाही, असं झालं तर संगणकाचं घड्याळ पाहा. प्रत्येक फेरी १५ सेकंदांची असते. घड्याळ सेकंद-दोन सेकंद चुकलं की सगळं बिनसतं. वेळ इंटरनेटवरून जुळवून घ्या. पाठवताना ट्रान्समीटर १२ सेकंदांहून जास्त वेळ अखंड पूर्ण जोरावर असतो, म्हणून १०० वॉटचा सेट ४०-५० वॉटवरच चालवा आणि एएलसीचा (सेटचा जोर आपोआप आवरणाऱ्या सोयीचा) काटा हलणार नाही इतकाच आवाज संगणकातून सोडा.

मोर्सची हौस असेल तर हाताने ठोकायची जुनी की नको. इलेक्ट्रॉनिक कीयरला (टिंब-रेघा आपोआप बनवणाऱ्या यंत्राला) बोटभर स्पर्शाचं पॅडल डाव्या हाताशी लावा. टिंब आणि रेघ उलट येऊ लागल्या तर कीयरमध्ये बाजू बदलायची सोय असते. ती नसेल तर पॅडलच्या प्लगमधल्या दोन तारा अदलाबदल करून डाग द्यायचा.